छोट्या कॅमेऱ्यात ‘खरे’ फोटो येत नाहीत, हे कोणी ठरवले?

छायाचित्रणाचा छंद लागलेल्या कोणी ‘कॅमेरा कोणता घेऊ?’ असे विचारले की एक ठरावीक उपदेश त्याच्यापर्यंत हमखास पोहोचतो. फुल-फ्रेम म्हणजे मोठ्या आकाराच्या सेन्सरशिवाय (प्रकाश टिपणाऱ्या पट्टीशिवाय) दर्जा नाही. कमी उजेडात छोटा कॅमेरा निकामी ठरतो. कसलेले छायाचित्रकार अशा यंत्राला हात लावत नाहीत. आणि छोटेच हवे असेल तर खिशातला मोबाईल काय वाईट, अशी चार विधाने त्यात असतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून ती इतकी फिरली आहेत की नवशिके हप्त्यांवर जड कॅमेरा घेतात आणि वर्षभरात तो सिलिका जेलच्या पुड्यांसोबत कपाटात जाऊन पडतो. अशा रीतीने चांगला छंद सुटलेली माणसे मी जवळून पाहिली आहेत, म्हणून या विधानांचा समाचार घेणे मला आवश्यक वाटते.

तिसऱ्या विधानापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे मूळही तिथेच सापडते. आज ‘फुल’ म्हणून मिरवणारी ३६ बाय २४ मिलिमीटरची चौकट जन्मली तीच मुळी छोट्या कॅमेऱ्यासाठी. जर्मनीतल्या वेट्झलार गावी लाइट्झ कंपनीत काम करणाऱ्या ऑस्कर बार्नाकला दम्याचा त्रास होता आणि काचेच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा घेऊन डोंगर चढणे त्याला झेपत नव्हते. सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म आडवी फिरवून त्याने १९१३-१४ च्या सुमारास हातात मावेल असा नमुना तयार केला आणि १९२५ मध्ये लायपझिगच्या जत्रेत तो ‘लायका’ या नावाने लोकांसमोर आला. मोठ्या प्लेटांची सवय असलेल्या त्या काळात ही चौकट फारच चिमुकली समजली जात असे. तोच छोटा लायका घेऊन फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ जगभर फिरला. जानेवारी १९४८ मध्ये दिल्लीत गांधीजींच्या अखेरच्या दिवसांची आणि अंत्ययात्रेची त्याने टिपलेली छायाचित्रे आजही पाहिली जातात. जपानमधील छायाचित्रकार दाइदो मोरियामा यांनी तर रिको जीआरसारख्या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांवर कित्येक वर्षे रस्त्यावरचे काम केले आहे. तेव्हा कसलेल्यांचा दाखला द्यायचाच असेल, तर तो छोट्या कॅमेऱ्याच्या बाजूनेही तितकाच भक्कम देता येतो.

दर्जाविषयी थोडे गणित पुरेसे आहे. बारा बाय अठरा इंचांचे प्रिंट इंचाला ३०० ठिपके धरून काढायचे, तर ३६०० बाय ५४००, म्हणजे सुमारे १ कोटी ९४ लाख पिक्सेल लागतात. ‘एक इंच’ प्रकारचा (प्रत्यक्षात त्याहून बराच लहान) सेन्सर असलेला २० मेगापिक्सेलचा खिशातला कॅमेरा ते देतो. फोरके पडद्याला तर ८३ लाखच पुरतात. आपल्यापैकी कितीजण भिंतीवर याहून मोठे छायाचित्र लावतात?

कमी उजेडाचा मुद्दा मात्र पोकळ नाही. फुल-फ्रेम सेन्सरचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, एक इंच प्रकाराचे जेमतेम ११६. म्हणजे भिंगाचे छिद्र एकाच एफ-आकड्याचे असेल (हा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे) तर जवळजवळ तीन स्टॉपचा फरक पडतो; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. पण हे सांगणारे भिंगांचा हिशेब सोडून देतात. मोठ्या कॅमेऱ्यासोबत बहुतेक हौशी माणसे एफ/४ च्या आसपासचे झूम भिंग घेतात, तर खिशातल्या कित्येक कॅमेऱ्यांचे भिंग रुंद टोकाला, म्हणजे झूम न करता, एफ/१.८ असते, म्हणजे दोन स्टॉपहून थोडे अधिक तिथेच भरून निघतात. उरलेल्या फरकासाठी देवळाच्या गाभाऱ्यात खांबाला टेकून उभे राहिले तरी भागते. भिगवणचे रोहित पक्षी किंवा रात्रीची कबड्डी टिपायची असेल, तर मोठे भिंग आणि मोठा सेन्सर घ्यावा. तिथे मी छोट्या कॅमेऱ्याची भलामण करणार नाही.

उलट भर उन्हात छोट्या कॅमेऱ्याची एक खुबी आहे आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. यांपैकी अनेकांत शटर भिंगाच्या आतच असते, त्यामुळे सेकंदाच्या हजाराव्या भागालाही फ्लॅश पूर्ण चौकटीवर पडतो. मोठ्या कॅमेऱ्यांच्या पडदा-शटरला ही मर्यादा साधारण २०० ते २५० व्या भागाशी येते आणि त्यापुढे जायला वेगळा फ्लॅश घ्यावा लागतो. गेल्या चैत्रात गावच्या जत्रेत एक आजोबा घोंगड्या विकत बसले होते. दुपारचे बारा वाजले होते आणि फेट्याच्या सावलीत त्यांचे डोळे पार बुडाले होते. मी वाकून विचारले, ‘‘आजोबा, एक फोटो काढू का?’’ ते म्हणाले, ‘‘काढ की बाळा,’’ आणि मान खाली घालून घोंगडीची किनार अंगठ्याने चाचपण्यात पुन्हा गढले. कॅमेऱ्यातल्याच बारीक फ्लॅशने डोळ्यांत उजेडाचा एकेक ठिपका आला, मागचे आभाळ पांढरे फटक न पडता निळे राहिले, आणि अंगठ्याच्या नखात अडकलेला लोकरीचा काळा धागासुद्धा उमटला. हातभर लांबीचे भिंग तोंडासमोर रोखले असते, तर ते इतक्या निवांतपणे कामात राहिले असते, असे मला वाटत नाही.

राहता राहिला मोबाईल. तो उत्तम फोटो काढतो, हे मान्यच आहे. पण एका क्लिकमागे अनेक चौकटी जुळवून तो अंधार उजळतो, आणि वाड्याच्या ओसरीवरचा काळोख मला काळोख म्हणूनच हवा असतो. कॅमेऱ्यावरची उजेड कमी-जास्त करणारी चकती अंगठ्याने दोन खाचा फिरवली की तो तसा राहतो, नजर पडद्यावरून हलवावीही लागत नाही.

आता वजन. फुल-फ्रेम डीएसएलआर (आत आरसा असलेला मोठा कॅमेरा) आणि त्याचे एफ/२.८ झूम भिंग मिळून दीड-पावणेदोन किलो सहज होतात. खिशातला कॅमेरा २५० ग्रॅमच्या घरात असतो. राजगडाच्या बालेकिल्ल्याची वाट चढताना हात कठड्याला नि कातळाला लागतात आणि मोठा कॅमेरा पाठीवरच्या सॅकमध्ये बंद राहतो. श्रावणात तिथे ढग फाटून सुवेळा माची क्षणभर उघडी पडते. एका हाताने कठडा धरून, छातीच्या खिशातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून कॅमेरा काढून ती माची मी दोनदा टिपली आहे. तिसऱ्यांदा पिशवी सोडवेपर्यंत ढग पुन्हा मिटले होते.