टेबलावर कापड नसेल तिथे बसा

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या गुड मॉर्निंगची फुलं बंद आहेत. आमच्यातल्या एकीची सोसायटी पुण्याजवळ वाकडला आहे आणि तिच्या इमारतीखालच्या गाळ्यात बिअर शॉपी यायची चिन्हं आहेत. सोसायटीच्या आवारात दारूचं नवं दुकान काढायचं तर सोसायटीचं ना हरकत पत्र लागेल, असं सरकारने मार्च 2025 मध्ये विधिमंडळात जाहीर केलं. तेव्हापासून हे भांडण सर्वसाधारण सभेच्या सतरंजीवर येऊन बसलंय. ग्रुपमध्ये सरळ दोन तट. "मुलाबाळांच्या इमारतीत ही थेरं नकोत" हा एक आणि "जग कुठे चाललंय अन् आपण कुठे" हा दुसरा. मग व्हायचं तेच झालं, कुणीतरी मला टॅग केलं: "म्युनिकवाली, तू बोल. तुमच्याकडे तर पोरंबाळं घेऊन बिअर गार्डनमध्ये बसतात."

बसतात. मीही बसते, अकरा उन्हाळे झाले. पण माझं उत्तर दोन्ही तटांना आवडणार नाही, आणि ते ग्रुपवर मावणारही नाही.

आम्ही शहराच्या पश्चिम टोकाला, पासिंगच्या बाजूला राहतो. पहिल्याच उन्हाळ्यात एका शनिवारी मोबाइलवर 'बिअर गार्डन' शोधलं आणि सगळ्यांत जवळचं निघालं तिथे गेलो. रस्त्याला लागून दहाएक टेबलं, मोठ्या छत्र्या, प्रत्येक टेबलावर इस्त्री केलेलं कापड. लेक तेव्हा दीड वर्षाचा, त्याचा वरणभात बरोबर होता. डब्याचं झाकण काढलं मात्र, वाढणाऱ्या बाई आल्या, डब्याकडे बघून त्यांनी मान हलवली. ओरडल्या नाहीत, पण वरणभात पिशवीत परत गेला. पोराने भोकाड पसरलं, आणि आम्ही दोन महागड्या प्लेटी घशाखाली ढकलून घरी आलो.

सोमवारी ऑफिसात एका म्युनिककर सहकाऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, कापड होतं ना टेबलावर? मग ते हॉटेल. उघड्या टेबलावर बस, तिथे घरून अख्खा स्वयंपाक आणलास तरी कुणी विचारणार नाही.

हा डब्याचा हक्क दोनशे वर्षांहून जुना आहे. बव्हेरियात 1539 सालापासून बिअर फक्त सप्टेंबरअखेर ते एप्रिल एवढ्याच काळात बनवायची असा दंडक होता. उन्हाळ्यात भट्ट्यांमुळे आगी लागत, शिवाय तिथली बिअर थंडीत आंबणारी. मग उन्हाळाभर पुरेल एवढी बिअर साठवायला दारूभट्टीवाल्यांनी इझार नदीच्या उंच काठावर तळघरं खणली, त्यांत हिवाळ्यातला बर्फ भरला, आणि वर चेस्टनटची झाडं लावली. चेस्टनटचं पान रुंद, सावली गर्द आणि मुळं वरवरची, म्हणजे तळघराच्या कमानीला धोका नाही. खाली खडी पसरली. लोक त्या सावलीतच बसून प्यायला लागले, तशी शहरातल्या खानावळवाल्यांनी ओरड केली. जानेवारी 1812 मध्ये राजा माक्सिमिलियन पहिला याने तोड काढली: तळघरवाल्यांनी जून ते सप्टेंबर बिअर खुशाल विकावी, पण खायला पावाखेरीज काही द्यायचं नाही. भूक तर लागणारच. लोक घरून बांधून आणू लागले. जेवण विकायची बंदी कधीच उठली, डबा मात्र राहिला. इतका की 1999 च्या बव्हेरियन नियमावलीतही बिअर गार्डनची ओळख दोनच गोष्टींवरून ठरते: बागेचं रूप हवं आणि घरचं खाणं आणून खाता यायला हवं.

तेव्हापासून उपनगरात चांगलं बिअर गार्डन कसं ओळखायचं याचे माझे ठोकताळे बिअरशी फारसे संबंधित नाहीत. (बिअर इथे वाईट मिळत नाही, तो प्रश्नच नाही.) पहिलं, उघडी टेबलं किती. दुसरं, सावली झाडांची आहे की कंपनीच्या नावाच्या छत्र्यांची. तिसरं, घसरगुंडी आणि झोपाळा टेबलावरून दिसतो का. चौथं, एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, किंवा सायकलने जाता येतं का. आणि एक नवऱ्याने घातलेली भर: आजूबाजूला सत्तरीच्या पुढचे लोक दिसतात का. म्हातारी माणसं जिथे दर आठवड्याला येतात तिथे भाव आणि आवाज दोन्ही बेतात असतात. नोयपेरलाखकडच्या ओस्टपार्कमध्ये तळ्याकाठी मिखाएलिगार्टन आहे, तिथे मुलांना बदकांमागे सोडता येतं. उंटरमेन्झिंगला वुर्म नदीच्या काठी इन्झेलम्युल आहे. डाइझेनहोफेनच्या बाजूला कुग्लर आल्म. तिथल्या मालकाने 1922 मध्ये सायकलवाल्यांची झुंबड उडाल्यावर बिअर पुरवायला लेमोनेड मिसळलं आणि 'राडलर' जन्माला आलं, अशी दंतकथा सांगतात. राडलर म्हणजे सायकलस्वार. शब्द त्याहून जुना असल्याचं जाणकार दाखवून देतात, पण जंगलातून सायकल मारत तिथे पोचलं की दंतकथेवर विश्वास ठेवावासा वाटतो.

आमचं नेहमीचं ठिकाण मात्र हिर्शगार्टन. जुनं शिकारीचं रान, अजूनही कुंपणाआड हरणं आहेत, आणि आठ हजार माणसं बसतील एवढी जागा. दोन वर्षांपूर्वी आई आली होती तेव्हा तिला घेऊन गेलो. आई साताऱ्याची, माळकरी घरातली. "बिअरच्या अड्ड्यावर मला कशाला नेता" म्हणून आधी तासभर नकार. शेवटी नातवासाठी निघाली, आणि निघताना स्वतःच थालीपिठं, दही, शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली.

तिथली पद्धत अशी की फळीवरचा काचेचा मग आपणच उचलायचा, नळाच्या हौदात खंगाळायचा आणि मग रांगेत उभं राहायचं. आईला ही खंगाळायची गोष्ट फार पटली. पुढच्याने नीट धुतला असेल याचा भरवसा नको ना, म्हणाली. नवऱ्याने एक 'मास' घेतला, म्हणजे पुरा एक लिटर, मी अर्धा राडलर, आईला सफरचंदाचा रस सोडा घालून, लेकाला कोला-संत्र्याचं श्पेझी. शेजारी जागा होती तिथे एक म्हातारं जोडपं विचारून बसलं. त्यांनी टोपलीतून चौकड्यांचा टेबलक्लॉथ काढला (स्वतःचा चालतो, हॉटेलचा नको), लाकडी पाट काढला आणि आजोबा एक लांबलचक पांढरा मुळा सुरीने गोल गोल कापत बसले. सलग भिंगरीसारखा उलगडत गेला तो. मग त्याला मीठ चोळून बाजूला ठेवला. आई टक लावून बघत होती. "पाणी सुटायला ठेवलाय," ती मला हळूच म्हणाली. "कोशिंबिरीला आपण ठेवतो तसा." पाच मिनिटांनी मुळा खरंच घळघळा पाझरला आणि आजींनी दोन चकत्या आईपुढे सरकवल्या. आईने थालीपिठाचा चतकोर दिला. त्या दोघींना एकमेकींची भाषा ओ की ठो येत नव्हती. आजोबांचा लिटरभर मग समोर होता, तो आईला त्यानंतर दिसलाच नाही.

आता घरचं. माझ्या लहानपणी आमच्या गावच्या स्टँडसमोर एक परमिट रूम होती. काळ्या काचा, आत लाल दिवा, बाहेर पानाची टपरी. त्या काचेच्या आत काय आहे हे मी एकदाही पाहिलेलं नाही, फक्त आतून बाहेर येणारे पुरुष पाहिले. नावातच 'परमिट' आहे, कारण 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात आजही पिणाऱ्याकडे परवाना असायला हवा. कुणाकडे असतो ते सोडा. आपण दारू बंदही केली नाही आणि उजेडातही आणली नाही. जिथे बाई, मूल, म्हातारा माणूस आणि घरचा डबा, यांतलं काहीच येऊ शकत नाही अशा खोलीत ती बसवली. मग त्या खोलीत पिणारा वेगळाच वागतो याचं आश्चर्य कसलं? आई शेजारी बसून चटणी वाढत असताना तिसरा मग मागवायला माझ्या नवऱ्याची जीभ रेटत नाही, हा माझा अनुभव आहे.

डब्याचंही तेच. 2018 मध्ये मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचे पदार्थ न्यायला मनाई नाही असं मंत्र्यांनी सांगितलं होतं, आठवतंय? किती आनंद झाला होता. मग जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जम्मू-काश्मीरच्या एका प्रकरणात निकाल दिला की बाहेरचं खाणं येऊ द्यायचं की नाही हे चित्रपटगृहाचा मालक ठरवू शकतो. कायद्याने बरोबरही असेल. पण चार जणांच्या कुटुंबाने घरचं खाणं घेऊन तीन तास निवांत बसावं अशी जागा आपल्या उपनगरांत उरलीय कुठे? बागेच्या फाटकावर पाटी: खाद्यपदार्थ नेण्यास मनाई.

तरीही "बघा, म्युनिक किती पुढारलेलं" म्हणणाऱ्या तटात मला धरू नका. माझी मावशी तिच्या गावात आडव्या बाटलीसाठी दारोदार फिरली आहे. मतपत्रिकेवर दोन बाटल्या, उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. मजुरीचे पैसे गुत्त्यावर संपतात तिथल्या बाईला मी चेस्टनटच्या सावलीच्या गोष्टी सांगू? ती ज्या दारूशी भांडतेय ती चव घ्यायला प्यायलेली नाहीच. आणि म्युनिकही काही संतांचं गाव नाही. इथे सोळाव्या वर्षी बिअर विकत मिळते, आईबाप बरोबर असतील तर चौदाव्या वर्षी हातात देता येते. मला ते अजिबात पटत नाही, आणि लेक चौदाचा व्हायला आता फार दिवस नाहीत. याच शहराने मुख्य रेल्वे स्थानकाच्या परिसरात दारू प्यायला बंदी घातलीय, कारण तिथे बाग नाही, शेजारी आजोबा नाहीत, नुसत्या बाटल्या.

गाडी चालवण्याचा नियम तर आपला इथल्यापेक्षा कडक आहे. आपल्याकडे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा, इथे मर्यादा 50 ची. फरक एवढाच की हिर्शगार्टनहून घरी न्यायला रात्री एस-बान असते. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण इंजिनिअर गाडीखाली गेले तेव्हा सगळा महाराष्ट्र पबवर तुटून पडला. गाडीची किल्ली सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात आली कशी, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो.

शेजाऱ्यांचा त्रास हा मुद्दा मात्र मला सगळ्यांत खरा वाटतो आणि तो इथेही होता. म्युनिकच्या दक्षिणेला ग्रोसहेसेलोहेमध्ये वाल्डविर्टशाफ्ट नावाचं बिअर गार्डन आहे, जॅझसाठी प्रसिद्ध. शेजारी कोर्टात गेले, कोर्टाने रात्री साडेनऊला बंद करायला सांगितलं. मे 1995 मध्ये हजारो लोक म्युनिकच्या रस्त्यावर उतरले, त्याला इथे चक्क 'बिअर गार्डन क्रांती' म्हणतात. मला आधी हसू आलं होतं. पण पुढे 1999 मध्ये जो तोडगा निघाला तो बघा: दहाला संगीत बंद, साडेदहाला शेवटची बिअर, अकराला सामसूम. आणि ते पाळलं जातं. दहाचा नियम आपल्याकडेही आहे, 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत. तो किती पाळला जातो हे वाकडच्या मैत्रिणीला विचारा.

तिला मी शेवटी ग्रुपवर एवढंच विचारलं, त्या गाळ्यासमोर बसायला जागा किती आहे? तिने फोटो पाठवला. शटर, त्याच्यापुढे तीन फुटांचा फुटपाथ, एक विजेचा डीपी, डीपीला टेकवलेल्या दोन स्कूटर, आणि पलीकडे पत्रे ठोकलेला रिकामा प्लॉट. बिअर शॉपीत बसून पिता येत नाही, बाटली घेऊन निघायचं असतं. ती बाटली कुठे जाणार ते फोटोतच दिसत होतं.

मी लिहिलं, ना हरकत देऊ नका. 'जग कुठे चाललंय' तटाने मला म्युनिकला राहून सुधारली नाहीस म्हणून सुनावलं. थेरं नकोत म्हणणाऱ्यांनी अंगठे पाठवले. मग मी पुढे लिहिलं की त्या पलीकडच्या प्लॉटवर कुणी झाडं लावून, डबे आणू देऊन, दहाला गाणी बंद करणारी बाग काढत असेल आणि तिथे बिअरही मिळणार असेल, तर मात्र पहिली सही तुमची असू दे. त्यावर अजून एकाही तटाने अंगठा दिलेला नाही.