मेंदूतल्या चिक्कूचा बंदोबस्त

ग्राहकराजा, तुमच्याविषयी तक्रार आहे. तुम्ही वस्तू बघता, हातात घेता, ऑनलाइन असलात तर कार्टमध्येही टाकता आणि नेमकं पैसे द्यायच्या वेळी 'बघू नंतर' म्हणून निघून जाता. एवढी दुकानं, एवढी अ‍ॅप्स, सवलतीचे एवढे लाल फलक तुमच्या सेवेला उभे असताना हे वागणं बरं नव्हे. अर्थात यात तुमचा दोष नाही. दोष इन्सुलाचा आहे.

इन्सुला म्हणजे मेंदूच्या दोन्ही बाजूंना, साधारण कानांच्या वर, घडीखाली दडून बसलेला भाग. दुखणं, किळस, पोटात ढवळणं अशा नकोशा संवेदनांशी त्याचा संबंध. या खात्याला खरेदीत कोणी बोलावलं होतं? पण येतो. २००७ साली स्टॅनफर्डच्या ब्रायन क्नुटसन आणि सहकाऱ्यांनी लोकांना मेंदूतली हालचाल टिपणाऱ्या एफएमआरआय यंत्रात आडवं करून खरेदी करायला लावली. आधी वस्तू दाखवायची, मग किंमत, मग घेणार की नाही ते बटण दाबून सांगायचं. वस्तू आवडली की न्यूक्लिअस अ‍ॅकम्बन्स, म्हणजे सुखाची आगाऊ चाहूल घेणारा भाग, उत्साहात यायचा. किंमत अवाच्या सवा दिसली की इन्सुला जागा व्हायचा आणि खरेदी बोंबलायची. पिशवी टेबलावर ठेवायच्या आत "केवढ्याला पडलं?" विचारणारं एक माणूस प्रत्येक घरात असतं, तसा हा कवटीतला चिक्कू. त्याला गप्प कसं करायचं, तेवढंच शिकायचं आहे.

सर्वात आधी नोटा हाताळणं बंद करा. नोट जाताना दिसते आणि चिक्कूला तेवढं निमित्त पुरतं. एमआयटीच्या ड्रॅझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांवर बोली लावायला लावली होती. काहींना सांगितलं, पैसे रोख द्यायचे. काहींना सांगितलं, क्रेडिट कार्डाने. कार्डवाल्यांची बोली दुपटीच्या घरात गेली. तिकीट तेच, सामना तोच. २००१ साली हे छापून आलं. बोली लावणारे एमबीएचे विद्यार्थी होते, म्हणजे पैशाचं शिक्षण पैसे भरून घेणारी मंडळी. आता तर कार्डही काढावं लागत नाही, फोनला तोंड दाखवलं की पैसे जातात. पूर्वी उधारी झाली की तोंड लपवावं लागे. केवढी ही प्रगती! हप्त्यांची सोय दिसली तर तिचाही मान राखा. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरंच आहे, पण हल्ली अंथरूणही हप्त्यावर मिळतं.

आता लक्षाकडे वळू. हे जरा निवांत समजून घ्या, कारण खरी विक्री इथेच होते; पैसे तुम्ही नंतर देता. समोरचं सगळं आपल्याला स्पष्ट दिसतं, असं आपल्याला उगाच वाटतं. हात लांब केला तर अंगठ्याचं नख जेवढी जागा झाकतं, साधारण तेवढाच तुकडा डोळा एका वेळी नीट बघतो. बाकी सारं धूसर. सेकंदाला तीनेक उड्या मारत नजर चित्र जुळवत राहते. म्हणजे फळीवरच्या बहुतेक वस्तू निवडणुकीत उभ्याच नसतात. त्यांचे अर्ज नजरेनेच बाद केलेले असतात.

आवडलं म्हणून बघत राहिलो, अशी आपली समजूत. कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेक या संस्थेत शिन्सुके शिमोजो आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये उलटी वाटही चालू असल्याचं दाखवलं. दोन चेहऱ्यांतला अधिक आकर्षक कोणता ते ठरवताना शेवटच्या क्षणांत लोकांची नजर एकाकडे झुकत जाते आणि कौल त्यालाच मिळतो. संशोधकांनी मुद्दाम नजर एकाकडे जास्त वेळ खिळेल अशी व्यवस्था केली, तर कौलही तिकडे सरकला. तिथल्याच अँटोनियो रँगेल यांच्या गटाला खाण्याच्या पदार्थांतही हेच आढळलं. जास्त वेळ दिसलेला पदार्थ जास्त वेळा निवडला गेला. अट एकच, तो मुळात आवडणारा हवा. नावडत्या पदार्थाकडे जास्त वेळ बघितलं तर उलटा परिणाम होतो.

तेव्हा वस्तूचा फोटो मोठा करून, फिरवून, चारी अंगांनी डोळे भरून बघा आणि किमतीवर, अटींवर नजर रेंगाळू देऊ नका. अ‍ॅपवाले बिचारे याची काळजी घेतातच. फोटो बोटांनी मोठा होतो, अटींची अक्षरं होत नाहीत. 'फक्त २ शिल्लक' असं दिसलं की कुठे शिल्लक, हे विचारायचं नाही. आपल्या खात्यात किती शिल्लक, हे तर मुळीच नाही.

खोडलेल्या किमतीवर मात्र श्रद्धा ठेवा. ट्वर्स्की आणि कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ च्या लेखात एक आकड्यांचं चक्र सांगितलंय, जे १० किंवा ६५ वरच थांबे. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? १० बघितलेल्यांचा मधला अंदाज २५, ६५ बघितलेल्यांचा ४५. चक्राचा आफ्रिकेशी काडीचा संबंध नव्हता. दुकानातल्या खोडलेल्या आकड्याचा वस्तूशी निदान ओळखीपुरता तरी असतो.

एवढं करूनही चिक्कू कुरकुरत असेल, तर महागातलंच घ्या. २००८ च्या एका प्रयोगात एकच वाइन लोकांना दोनदा दिली, एकदा १० डॉलरची म्हणून आणि एकदा ९० ची म्हणून. नव्वदची जास्त आवडली. नुसतं तोंडदेखलं नव्हे, मेंदूत सुखाची नोंद ठेवणारा भागही जास्त सक्रिय दिसला. चवीच्या मूळ केंद्रांत मात्र फरक नव्हता. म्हणजे जिभेला पत्ता नाही आणि मेंदू खूश! जास्तीचे ८० डॉलर वाया गेले असं कोण म्हणेल?

(ग्राहकाच्या मेंदूतलं 'खरेदीचं बटण' दाखवून देतो, असं सांगत कंपन्यांकडून पैसे घेणारे सल्लागारही आहेत. क्नुटसन यांच्या प्रयोगात मेंदूची चित्रं बघून खरेदीचा अंदाज बरोबर यायचं प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास होतं. नाणं उडवलं तरी पन्नास येतात. आणि २००९ मध्ये क्रेग बेनेट यांनी यंत्रात मेलेला सॅमन मासा ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले, तर आकडेमोडीत योगायोग गाळणारी आवश्यक दुरुस्ती न करता त्याच्याही मेंदूत हालचाल 'आढळली'. सल्लागारांची फी बघून कंपन्यांच्या इन्सुलाचं काय होतं, यावर कोणीतरी प्रयोग करायला हवा.)

उरली घरच्यांची उलटतपासणी. घाबरू नका. स्वीडनमध्ये लार्स हॉल आणि पेटर योहान्सन यांच्या गटाने सुपरमार्केटमधल्या गिऱ्हाइकांना दोन जॅम चाखायला दिले, आवडता निवडायला सांगितला आणि 'हाच का आवडला ते सांगा' म्हणत दोन्ही बाजूंनी उघडणाऱ्या बरणीतून दुसराच पुन्हा चाखवला. अदलाबदल फार तर एकतृतीयांश वेळा पकडली गेली. बाकीच्यांनी न निवडलेल्या जॅमची बाजू हिरिरीने मांडली. तुमचाही मेंदू तुम्हाला उघड्यावर टाकणार नाही. 'कधी ना कधी लागणारच होतं', 'या भावात परत मिळालं नसतं', 'दिसायला महाग, पण टिकतं'. यातलं जे आधी सुचेल ते खरं कारण समजा आणि लगेच रिव्ह्यूमध्ये लिहून, पाच तारे देऊन मोकळे व्हा. खोकं नंतर उघडलं तरी चालतं.