ती. आत्यास, सा. न. वि. वि.

गुहागरची आत्या आता ८२ वर्षांची. कानांनी अधू. फोनवर "गुडघा" म्हटलं की तिला "मुडदा" ऐकू येतं आणि ती रडायला लागते. शेवटी तिनेच निरोप धाडला, "मेल्या, फोन नको. चार ओळी लिही."

चार ओळींचं काय एवढं! पोस्टात गेलो. कार्ड ५० पैशांना. मी दहाची नोट सरकवली. खिडकीमागच्या गृहस्थांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "साडेनऊ रुपये सुटे कुठून आणू? वीस घ्या." घेतली. १८७९ साली आपल्याकडे सुरू झालेली ही वस्तू अलीकडे कुणी घाऊक नेली नसावी.

घरात चालणारं पेन नव्हतं. एक सापडलं, त्याची रिफिल तळहातांत चोळचोळून शुद्धीवर आणली. मग मायना. तीर्थरूप की तीर्थस्वरूप? आई स्वयंपाकघरातून ओरडली, "तीर्थरूप आईबापांना, बाकीच्यांना तीर्थस्वरूप. तू नुसतं 'ती.' लिही, म्हणजे अब्रू राहील." पुढे 'सा. न. वि. वि.' लिहिलं. लेकीने वाकून बघितलं. "बाबा, हा पासवर्ड आहे का?"

'प्रकृती' चुकलं. अंगठा आपोआप खोडायचं बटण शोधत कार्डावर फिरला आणि ओली शाई पार पत्त्यापर्यंत पसरली. शब्द गिरवून खोडला तर तिथे मेलेलं झुरळ दिसायला लागलं. ओळी डावीकडे पुण्यात सुरू होऊन उजवीकडे थेट कोकणात उतरत होत्या. सहाव्या ओळीला मनगट धरलं. खुशाली संपली, तरी कार्ड उरलंच होतं. रिकामं कसं सोडायचं, म्हणून मूळव्याधीचं लिहून टाकलं. सविस्तर.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. अक्षर मोत्यासारखं, एकही खाडाखोड नाही.

"चि. बाळ यास अनेक आशीर्वाद. पत्र पावले. तुझे अक्षर लागेना, म्हणून पोस्टमनकडून वाचून घेतले. मला ऐकू यावे म्हणून बिचाऱ्याने ओटीवर उभे राहून, घसा ताणून वाचले. त्यालाही 'मूळव्याध' तेवढे चटकन लागले. खात्री करून घ्यायला मी ते तीनदा म्हणायला लावले.

ता. क. अख्ख्या वाडीचे म्हणणे पडले की, ताक घेत जा."