आठ अँटेना की एक वायर?

काल चहा यायच्या आधीच बंड्याने मोबाइल पुढे केला. आठ अँटेनांचा राऊटर, किंमत नऊ हजार. “हा घेतोय. वरच्या मागच्या खोलीत हिची मीटिंग सारखी तुटते.”

“अजिबात घेऊ नकोस,” अण्णा म्हणाले. त्यांचा सगळा जन्म वायरिंगच्या कामात गेलाय. “तुझा डबा हॉलमध्ये टीव्हीच्या मागे. मध्ये नऊ इंची विटांच्या दोन भिंती, वर सळईचा स्लॅब. त्या काय हलणार आहेत?”

“म्हणून तर जास्त ताकदीचा घेतोय!”

मला राहवलं नाही. राऊटर कितीही ओरडला तरी मोबाइललाही उलट उत्तर द्यावं लागतं, आणि त्याचा आवाज तेवढाच राहतो. कांड्या भरलेल्या दिसतात आणि पान उघडत नाही, ते बरेचदा यामुळेच. शिवाय उभी अँटेना आडवं पसरवते. थेट डोक्यावरच्या खोलीला फार थोडं मिळतं. माझ्या घरी मी अ‍ॅपवर मोजलं होतं. सिग्नलची ताकद राऊटरपाशी उणे ४५ डीबीएम, वर उणे ८२; उण्याचा आकडा जितका मोठा तितका सिग्नल अशक्त. दर दहा अंकांना ताकद एक दशांश उरते, म्हणजे वर पोचत होता जेमतेम पाच हजारावा हिस्सा. व्हिडिओ कॉलला उणे ६७ तरी हवं.

“दीड हजाराचा रिपीटर लाव की,” सुन्या म्हणाला. “माझा जिन्यात आहे, मस्त चालतो.”

व्हॉट्सअ‍ॅपला चालेल. पण स्वस्त रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, त्यात वेग जवळपास निम्मा होतो. आणि लोक तो लावतात कुठे, तर जिथे सिग्नल आधीच मेलाय तिथे!

डॉक्टर मेशवर, म्हणजे बिनवायरीने एकमेकांशी बोलणाऱ्या दोन-तीन डब्यांवर, अडून बसला. त्याचं भाड्याचं घर, भिंतीला खिळा मारायची सोय नाही. त्याच्यासाठी मेशच बरोबर, हे मी लगेच कबूल केलं. बंड्याचं घर मात्र स्वतःचं आहे. त्याने वायर ओढून वर अ‍ॅक्सेस पॉइंट (वायरने आलेलं नेट वाय-फायने देणारा डबा) लावावा. साधा ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ दोन्हीवर चालणारा), वाय-फाय ६ वाला पुरे. पीओई असेल तर त्याच वायरमधून वीजही जाते, वर प्लग पॉइंट शोधायला नको. नाव आणि पासवर्ड खालचाच ठेवायचा. २.४ गिगाहर्ट्‌झवर खाली चॅनल १ असेल तर वर ६ किंवा ११, म्हणजे दोघे एकमेकांच्या बोलण्यात येत नाहीत. जुना राऊटरच वापरायचा असेल तर तो अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकायचा, नाहीतर घरातल्या मोबाइल-लॅपटॉपना नेटवर्कचे पत्ते (आयपी) वाटणारे दोघे होतात.

“वायर मात्र बघून घे,” म्हणत अण्णांनी पिशवीतून कॅट ६ या नेटच्या वायरीचा तुकडा काढला आणि ब्लेडने तार खरवडली. लालसर थराखाली पांढरं चमकलं. “अ‍ॅल्युमिनियम. वर नुसता तांब्याचा मुलामा. पीओईला ही वायर लावायचीच नाही. आतपर्यंत तांबं पाहिजे.”

“पण भिंत फोडावी लागेल ना?” बंड्याचा आवाज उतरला होता.

“डिशची जुनी वायर गच्चीवरून हॉलमध्ये कशी आली?”

“पाइपातून.”

“आणि तो पाइप वर कुठून जातो?”

बंड्या गप्प झाला. मग त्याने घरी फोन लावला. “अगं, मागच्या खोलीत खिडकीजवळ ती पांढरी झाकणाची डबी आहे ना? उघडून बघ जरा, आत काय दिसतंय.”