गो फर्स्टच्या शेअरचा भाव विचारणाऱ्या काकांसाठी

गेल्या रविवारी दुपारी ठाण्याहून धाकट्या काकांचा फोन आला. निवृत्त मुख्याध्यापक असलेले काका शेअर बाजाराच्या वाटेला सहसा जात नाहीत, म्हणून "अरे, गो फर्स्टच्या शेअरचा भाव सध्या काय चालला आहे?" हा प्रश्न ऐकून मी चकितच झालो. चौकशी केल्यावर उलगडा झाला. त्यांच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्हॉट्सॲप गटावर 'विमान कंपन्यांच्या हत्येचे सत्य' अशा मथळ्याचा एक लांबलचक मजकूर फिरत होता आणि तो तोपर्यंत आमच्या कुटुंबाच्या गटावरही येऊन पोहोचला होता. किंगफिशर, जेट आणि गो फर्स्ट या धडधाकट कंपन्या इंडिगोची मक्तेदारी व्हावी म्हणून सरकारने मारल्या. विमाने भरलेली असताना तोटा होणे शक्यच नाही, तो कागदोपत्री दाखवला जातो. गो फर्स्टचे नादुरुस्त इंजिन ही निव्वळ सबब होती. कंपनी बंद पडली तरी तिकिटाचे पैसे सरकार परत करते. आणि या कंपन्या लवकरच पुन्हा उडणार असल्याने त्यांचे शेअर आताच मातीमोलाने घेऊन ठेवावेत, असे त्यातील पाच दावे आहेत.

शेवटच्या दाव्यापासून सुरुवात करतो, कारण इतर दावे कितीही चुकीचे असले तरी त्यांच्यापायी कोणी मुदत ठेव मोडणार नाही. गो फर्स्टचा शेअर बाजारात कधी आलाच नाही. 2021 मध्ये कंपनीने 3,600 कोटी रुपयांच्या प्राथमिक भागविक्रीसाठी शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या 'सेबी'कडे मसुदा दाखल केला होता, परंतु ती विक्री झाली नाही. 2 मे 2023 रोजी कंपनीने स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जानेवारी 2025 मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने तिच्या अवसायनाचा, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळण्याचा, आदेश दिला. म्हणजे जो शेअर 'मातीमोलाने' घ्यायचा आहे तो अस्तित्वातच नाही, आणि तरीही कोणी तो काकांना विकायला पुढे आलाच, तर तो शेअर दलाल नव्हे, भामटा आहे.

जेटचे प्रकरण अधिक घातक आहे, कारण तिचा शेअर खरोखर होता. 2005 मध्ये 1,100 रुपयांना विकला गेलेला हा शेअर, विमाने उडणे थांबल्यानंतरही साडेपाच वर्षे बाजारात फिरत राहिला आणि प्रत्येक अफवेबरोबर वरखाली होत राहिला. जालान-कालरॉक या गटाची पुनरुज्जीवन योजना न्यायाधिकरणाने जून 2021 मध्ये मंजूर केल्यामुळे अनेकांच्या आशा पल्लवित झाल्या, हे मान्य केले पाहिजे. मात्र 7 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँक आणि इतर धनकोंच्या अपिलावर जो निकाल दिला, तो वाचल्यानंतर या विषयावर चर्चेला जागा उरत नाही. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती मनोज मिश्रा यांच्या खंडपीठाने राज्यघटनेच्या अनुच्छेद 142 खालील विशेष अधिकार वापरून जेटच्या अवसायनाचा आदेश दिला. 350 कोटींचा पहिला हप्ता भरण्याची अट त्या गटाने पाळली नाही, त्यातले 150 कोटी बँक हमीतून वळते करून घ्यावेत हा त्याचा आग्रह न्यायालयाने अमान्य केला आणि त्याने भरलेले 200 कोटी रुपयेही जप्त केले.

अवसायनात निघालेल्या कंपनीची मालमत्ता विकून आलेले पैसे कोणाला कोणत्या क्रमाने मिळावेत, हे दिवाळखोरी संहितेच्या कलम 53 मध्ये लिहिलेले आहे. प्रथम प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची देणी आणि तारणधारक बँका, त्यानंतर इतर कर्मचारी, बिनतारणी कर्जे, सरकारी देणी, अशी ही रांग लांबत जाते आणि तिच्या अगदी शेवटी सामान्य भागधारक उभा असतो. जिथे बँकांचेच हजारो कोटी बुडीत आहेत, तिथे त्या रांगेच्या टोकापर्यंत काय पोहोचणार? किंगफिशरचे शेअर 2018 मध्ये शेअर बाजारांच्या सूचीतून काढले गेले, हेही ज्यांनी तो मजकूर पुढे पाठवला त्यांनी आठवून पाहावे.

आता 'हत्ये'कडे वळू. किंगफिशर 2005 मध्ये सुरू झाली, 2012 च्या ऑक्टोबरमध्ये थांबली आणि या काळात एका वर्षीही तिला नफा झाला नाही. जेटने 2007 मध्ये एअर सहारा 1,450 कोटींना विकत घेतली आणि त्यानंतर महागडी पूर्ण सेवा व स्वस्त सेवा अशा दोन्ही दगडांवर पाय ठेवला. 2018 मध्ये रुपया डॉलरमागे 74 च्या पुढे घसरला आणि खनिज तेल पिंपामागे 80 डॉलरच्या वर गेले, तेव्हा ही कसरत संपली. संस्थापक नरेश गोयल मार्च 2019 मध्ये संचालक मंडळावरून दूर झाले, परंतु तोवर इतका उशीर झाला होता की तातडीचे 400 कोटी देण्यासही बँका तयार झाल्या नाहीत, आणि 17 एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईकडे निघालेले विमान तिचे शेवटचे ठरले. जेटची रिकामी झालेली जागा एकट्या इंडिगोला दिली गेली असेही नाही. मुंबई आणि दिल्लीतील तिच्या उड्डाणवेळा इतर कंपन्यांनाही वाटल्या गेल्या, आणि तिची अनेक बोइंग विमाने तर स्पाइसजेटने घेतली. ती स्पाइसजेटही पुढे कशी डबघाईला आली, हे सर्वांनी पाहिलेच आहे.

सरकारने धोरणे वाकवली, हे मात्र खरे आहे आणि ते मला नाइलाजाने मान्य करावे लागते. फक्त ती वाकली ती या मजकुराच्या नेमकी उलट दिशेने. 1990 च्या दशकात टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्स यांना एकत्र येऊन भारतात कंपनी काढायची होती, तेव्हा परदेशी विमान कंपन्यांच्या गुंतवणुकीलाच मनाई झाली आणि ती 2012 पर्यंत टिकली. पाच वर्षे देशात उडाल्याशिवाय आणि 20 विमाने असल्याशिवाय परदेशी उड्डाण नाही, हा नियमही 2016 पर्यंत चालला. या दोहोंचा लाभ आधीपासून स्थिरावलेल्या जेटला झाला. त्या पाच वर्षांचा अडसर ओलांडण्याची घाई हे किंगफिशरने आपल्याआधीपासून उडणारी एअर डेक्कन ही कंपनी गळ्यात बांधून घेण्याचे एक कारण होते. शिवाय 2012 मध्ये, तेव्हा सरकारी मालकीच्या असलेल्या एअर इंडियासाठी 30,231 कोटींचे भागभांडवल मंजूर झाले. करदात्यांच्या पैशावर तोटा सोसू शकणारा प्रतिस्पर्धी समोर असताना खाजगी कंपन्यांनी भाडे वाढवायचे तरी कसे, ही तक्रार रास्त होती.

भरलेले विमान तोट्यात जाऊ शकत नाही, हा गैरसमज शिकलेल्या माणसांतही आढळतो. विमानाची खुर्ची हा भाजीपेक्षाही नाशवंत माल आहे. दार बंद झाले की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य होते, म्हणून ती मिळेल त्या भावाला विकली जाते, आणि विमान भरते ते या पडत्या भावामुळेच. खर्च मात्र पडत नाही. विमानांचे भाडे आणि दुरुस्ती डॉलरमध्ये मोजावी लागते, आणि एकूण खर्चाच्या साधारण 40 टक्क्यांपर्यंत जाणारे इंधन अजूनही जीएसटीच्या बाहेर असल्याने त्यावर प्रत्येक राज्य आपापला कर लावते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी हा कर 2023 च्या अर्थसंकल्पात 25 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला.

मग इंडिगो कशी तगली? तिने 2005 मध्ये, एकही विमान उडवण्याआधी, 100 एअरबस विमानांची मागणी एकदम नोंदवून घाऊक सवलत मिळवली. ताब्यात आलेले विमान भाड्याने देणाऱ्या कंपनीला विकायचे, तेच काही वर्षांसाठी भाड्याने घ्यायचे आणि मोठ्या दुरुस्तीची वेळ येण्याआधी परत करायचे, हा तिचा शिरस्ता होता. यात गुपित काही नाही.

इंजिनाची गोष्ट सबब नव्हती. गो फर्स्टच्या विमानांना असलेल्या प्रॅट अँड व्हिटनी या कंपनीच्याच इंजिनांमुळे इंडिगोचीही डझनावारी विमाने जमिनीवर राहिली. फरक इतकाच की तिच्या ताफ्यात 300 हून अधिक विमाने होती आणि 2019 पासूनच ती दुसऱ्या उत्पादकाच्या इंजिनांकडे वळली होती, तर गो फर्स्टचा जवळपास निम्मा ताफा उभा होता.

मक्तेदारीची भीती मात्र मी उडवून लावणार नाही. डिसेंबर 2024 मध्ये देशांतर्गत प्रवाशांपैकी 64 टक्के इंडिगोचे आणि 26 टक्के एअर इंडिया समूहाचे होते, म्हणजे उरलेल्या साऱ्यांच्या वाट्याला जेमतेम दहा टक्के आले. वर्षभरानंतर वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांची पुरेशी तयारी नसल्याने इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा सरकारला भाड्यांवर मर्यादा घालावी लागली आणि कंपनीला त्याच नियमांतून तात्पुरती सूटही द्यावी लागली. एवढी मोठी कंपनी चुकली की नियमच मागे सरतो, हे चिंताजनक आहे. पण त्यासाठी कोणाची हत्या झाली असे मानण्याची आवश्यकता नाही.

राहता राहिले तिकिटाचे पैसे. परतावा देण्याचे दायित्व विमान कंपनीचे असते, सरकारचे नव्हे. दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला गेला की कंपनीविरुद्धच्या दाव्यांना स्थगिती मिळते आणि प्रवासी हा आणखी एक बिनतारणी धनको होतो. गो फर्स्टच्या प्रवाशांनाही रीतसर दावा नोंदवून वाट पाहत बसावे लागले. त्यातल्या त्यात क्रेडिट कार्डाने पैसे भरलेले असतील, तर न मिळालेल्या सेवेबद्दल बँकेकडे तक्रार करून रक्कम परत मागता येते. हे सारे मी काकांना सविस्तर सांगितले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की, बंगळूरूची जाण्यायेण्याची चार तिकिटे त्यांनी कालच एजंटाकडून रोख पैसे देऊन घेतली आहेत.