अकरा वर्षं मनावरच घेत होतो

'मनावर घेतलं की दारू सुटते' असं एका लेखात वाचलं. मी ११ वर्षं मनावर घेत होतो. चतुर्थी झाली की सोडायची, उर्राकचा (काजूच्या दारूचा) सीझन संपला की सोडायची. शेवटी बायकोनेच दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या हेल्पलाइनला फोन करून म्हापशातल्या मीटिंगची वेळ विचारली.

पहिल्या संध्याकाळी दारापर्यंत जाऊन दोनदा स्कूटरकडे परतलो. ओळखीचं कोणी भेटलं तर? गोवा केवढासा! आणि भेटलाच, आमच्या शेजारच्या वाड्यावरचा. त्याने खुर्ची पुढे सरकवली, "बस मरे" म्हणाला, बस्स. आडनाव नाही, फी नाही, धर्म नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. त्या दिवशी मी तोंडही उघडलं नाही, तरी चाललं. १९३५ साली अमेरिकेत हे सुरू करणारे दोघेही दारूतूनच बाहेर आलेले, त्यातला एक डॉक्टर.

रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र घरच्या घरी एकदम बंद करू नये, झटके येऊ शकतात, जिवावर बेततं. आधी डॉक्टरला दाखवा. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाचा वेगळा गट आहे. बायको तिथे जाते, आता तिला झोप लागते.