वायर गेली, पण कुठली?

दिवाळीच्या आधी आणि मे महिन्यात, म्हणजे माणसं घरं बंद करून गावी निघतात तेव्हा, एक मेसेज हमखास फिरतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यंदा तो तिसऱ्यांदा आला. नातेवाइकांच्या दोन ग्रुपवर आला तो वेगळाच. मजकूर थोडक्यात असा: वायरवाले सीसीटीव्ही आता जुने झाले. वायफाय कॅमेरा घ्या. वायर नको, भिंत फोडायला नको, पाच मिनिटांत लागतो. लाइट गेली तरी चालतो. ३६० डिग्री फिरतो म्हणून एकच पुरतो. जास्त मेगापिक्सेलचा घेतला की चोराचा चेहरा स्पष्ट. रेकॉर्डिंग क्लाउडवर (कंपनीच्या इंटरनेटवरच्या साठ्यात), म्हणजे पुरावा कायम तुमच्या हातात. सरकारी नियम आल्यामुळे हॅकिंगची भीती नाही. कोणी आलं की मोबाइलवर लगेच अलर्ट. आणि खाली नेहमीचं, "सर्वांना पाठवा".

आधीच सांगतो, मी कॅमेरे विकत नाही आणि वायफाय कॅमेऱ्यांशी माझं वैरही नाही. माझे स्वतःचे तीन आहेत. दोन ठाण्याच्या फ्लॅटमध्ये, एक संगमेश्वर तालुक्यातल्या घराच्या पडवीत. ते घर वर्षातले दहा महिने बंद असतं. या तिघांनी जे शिकवलं त्यातलं काहीही त्या मेसेजमध्ये नाही, म्हणून हे लिहितोय.

"वायर नको." यातली गंमत बघा. कॅमेऱ्याला दोन गोष्टी लागतात: वीज आत यायला आणि चित्र बाहेर जायला. वायफायने दुसरीची वायर वाचवली. विजेची आहे तिथेच आहे. दुकानात कॅमेरा हातात घेतला की त्यासोबतचा अडॅप्टर आणि दोन-तीन मीटरची बारीक वायर खोक्याच्या तळाशी असते, ती घरी आल्यावर दिसते. मग दाराबाहेर प्लग कुठे आहे याचा शोध सुरू होतो. गावी पडवीत प्लग नव्हताच. शेवटी खिडकीच्या चौकटीला भोक पाडून वायर आत घेतली, म्हणजे सुतार आला, ड्रिल आलं, फोडाफोडी झालीच. आणि ज्यांनी एक्स्टेंशन बोर्ड बाहेर काढून वर प्लास्टिकची पिशवी बांधली आहे, त्यांनी पावसाळ्यापूर्वी तो काढावा. कॅमेऱ्यावर आयपी ६६ (धूळ-पाणी आत शिरत नाही याची खूण) लिहिलेलं असतं ते कॅमेऱ्यासाठी. बोर्डाला पाऊस चालतो असं त्यात कुणी म्हटलेलं नाही.

बल्बच्या होल्डरमध्ये बसणारे कॅमेरे याच वायरच्या कटकटीवर निघाले. कल्पना छान आहे. फक्त त्या होल्डरचं बटण जिन्यातच असतं आणि ते कोणीही बंद करतं, बहुतेक वेळा तुमच्याच घरातलं, "दिवसा दिवा कशाला" म्हणून.

आता याच वायरची दुसरी बाजू. आमची इमारत जुनी. सगळे मीटर जिन्याखाली, लाकडी पेटीत, पेटीला कुलूप नाही. मागच्या वर्षी एका रात्री दुसऱ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटचा कटआउट (फ्यूज) कोणीतरी खाली काढून ठेवला. वर कॅमेरा बंद, राउटर बंद, रेकॉर्डिंग त्या क्षणापर्यंतचं. चित्रात काय दिसतं? रिकामा जिना, आणि मग काहीच नाही. कुलूप चांगलं होतं म्हणून चोरी झाली नाही, एवढंच. त्यानंतर आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून मीटरच्या पेटीला लोखंडी दार केलं. सुरक्षेवर केलेला तो सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगाचा खर्च, आणि त्यात एकही मेगापिक्सेल नव्हता.

"लाइट गेली तरी चालतो" हे बॅटरीवाल्या कॅमेऱ्याबद्दल अर्धं खरं आहे. कॅमेरा जिवंत राहतो, पण राउटर मेलेला असतो. मग चित्र तुमच्या मोबाइलपर्यंत येणार कसं? शिवाय बॅटरी टिकावी म्हणून हे कॅमेरे एरवी झोपलेले असतात. अंगाची उष्णता हलताना जाणवली की सेन्सर त्यांना उठवतो. उठून रेकॉर्डिंग सुरू होईपर्यंत सेकंद-दोन सेकंद जातात, आणि भरभर चालणाऱ्या माणसाची नुसती पाठ मिळते. उपाय साधा आहे: राउटरला छोटा यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर वीज देणारा बॅटरीचा डबा, लावा. फायबर इंटरनेटचा डबा वेगळा असेल तर त्यालाही. आणि कॅमेऱ्यात मेमरी कार्ड ठेवा, म्हणजे नेट नसतानाचं निदान तिथे तरी उरतं.

पाच मिनिटांत लागतो म्हणे. मला पहिला लावायला दीड तास लागला. स्वस्तातले बहुतेक कॅमेरे वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि माझ्या राउटरने २.४ आणि ५ दोन्हींना एकच नाव दिलं होतं. मोबाइल ५ वर, कॅमेरा २.४ शोधतोय, आणि दोघं एकमेकांना हाका मारत बसलेले. नावं वेगळी केल्यावर दोन मिनिटांत जुळलं. गावी तर भिंत जांभ्याची, चांगली जाड. माजघरातल्या राउटरचा सिग्नल पडवीत येईपर्यंत धापा टाकतो. कॅमेरा विकत घ्यायच्या आधी मोबाइल २.४ च्या नावाला जोडा, जिथे कॅमेरा लावायचा तिथे उभे राहा, दार बंद करा आणि एखादा व्हिडिओ कॉल करून बघा. कॉल अडखळला तर कॅमेराही अडखळणार.

गावच्या घरासाठी काही जण सिमकार्डवाला कॅमेरा सुचवतात. सुचवण्याआधी एवढा हिशेब करा: १०८० पीचं बरं चित्र सेकंदाला साधारण २ मेगाबिट खातं (८ मेगाबिट म्हणजे १ एमबी). म्हणजे तासाला ९०० एमबी, दिवसाला २१-२२ जीबी. रोज २ जीबी देणारा पॅक सलग बघितलं तर सव्वादोन तासांत संपतो. तिथे हालचाल झाली तरच रेकॉर्ड, तेही कार्डावर, आणि आपण अधूनमधून डोकावायचं, एवढंच परवडतं. हाच हिशेब कार्डालाही लागतो: सलग रेकॉर्डिंगला ६४ जीबी म्हणजे तीन दिवसही पुरत नाही. आठवड्याने गावी पोचलात तर पहिल्या दिवसावर शेवटचा चढलेला असतो.

"३६० डिग्री, म्हणून एकच पुरतो." मान फिरवता येते म्हणून पाठीला डोळे येत नाहीत. फिरणारा कॅमेरा एका वेळी एकाच दिशेला बघतो. तुम्ही काल रात्री स्वयंपाकघराकडे फिरवून ठेवलात तर आज दाराची बाजू त्याच्या लेखी नाही. दार हीच महत्त्वाची जागा असेल तर न फिरणारा, दारावर रोखलेला कॅमेरा घ्या. बरेचदा तोच स्वस्तही पडतो.

मेगापिक्सेलवर जरा थांबतो, कारण सर्वात जास्त पैसे इथे वाया जातात. पाळतीच्या कॅमेऱ्यांसाठीच्या २०१५ च्या युरोपीय मानकात अनोळखी माणसाची ओळख पटवायला दर मीटर रुंदीला २५० पिक्सेल (चित्रातले ठिपके) धरले आहेत; माणूस आधीपासून ओळखीचा असेल तर १२५ पुरतात. आता २ मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्या. त्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद. भिंग ९० अंशांचं असेल तर तीन मीटरवर त्याला सहा मीटर रुंदी दिसते, म्हणजे मीटरला ३२०. चेहरा ओळखू येईल. पाच मीटरवर १९२. शेजारचा पक्या असेल तर कळेल, अनोळखी असेल तर नाही. दहा मीटरवर ९६, तिथे कोणीतरी माणूस आहे एवढंच. आता ८ मेगापिक्सेलचा घेतलात, चौपट पिक्सेल, किंमतही चढी. रुंदी मात्र ३८४० म्हणजे दुप्पटच होते. दहा मीटरवर १९२. अजूनही चेहरा नाहीच! त्यापेक्षा २ मेगापिक्सेलचाच कॅमेरा फाटकाजवळ नेला असता तर काम झालं असतं. आणि वर छताच्या कोपऱ्यात लावलात तर टोपी घातलेल्या माणसाची टोपीच मिळणार, कितीही पिक्सेल असोत.

हा सगळा हिशेब दिवसाउजेडाचा. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की जाळीच्या आतून लावलेल्या कॅमेऱ्याला जाळीच पांढरीफटक दिसते, मागचं सगळं काळं. पावसात थेंब उल्केसारखे चमकत जातात. भिंगापुढे कोळ्याने धागा ताणला की तो दोरखंडाएवढा. महिन्यातून एकदा केरसुणी फिरवायची, याला पर्याय नाही.

क्लाउड आणि पुरावा ही जोडी मेसेजवाल्याने फार सहज बांधली आहे. क्लाउडवर तेच जातं जे नेट चालू असताना जातं, आणि फुकटात बहुधा चार-दोन सेकंदांचे तुकडे, पुढे वर्गणी. कोर्टात पुरावा म्हणून टिकणं ही आणखी वेगळी गोष्ट. याचा मोठा धडा आपल्या जालन्यातूनच गेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला का, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावर आला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या खटल्यात जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची नक्कल द्यायची तर कायद्यातलं प्रमाणपत्र हवंच. मूळ उपकरणच मालकाने स्वतः कोर्टात हजर करून शाबीत केलं तर गोष्ट निराळी. तेव्हा ते पुरावा कायद्याचं कलम ६५ब होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ आहे, आणि त्याच्या प्रमाणपत्रात फाइलचा हॅशही (फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा आकडा) द्यावा लागतो. म्हणून काही घडलंच तर क्लिप व्हॉट्सअॅपवर ढकलून कार्ड पुसू नका. व्हॉट्सअॅप ती दाबून बारीक करतं. कार्ड काढून तसंच ठेवा, पोलिसांना ते द्या. आणि कॅमेऱ्याचं घड्याळ आजच तपासा. बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांत वेळ नेटवरून येते. लाइट जाऊन आली आणि नेट आलं नाही की चित्रावर भलत्याच सालची तारीख पडते.

"सरकारी नियम आल्यामुळे हॅकिंगची भीती नाही." नियम खरा आहे आणि चांगला आहे: ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेची चाचणी बंधनकारक झाली. घेताना ते विचाराच. पण ती तपासणी यंत्राची, तुमच्या पासवर्डची नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातली तपासणीची चित्रणं यूट्यूब आणि टेलिग्रामवर विकायला आली. पकडलेल्यांत लातूर आणि सांगलीचे तरुण होते. बातम्यांनुसार तिथला पासवर्ड होता अॅडमिन१२३. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच कारखान्यातून आलेले साठेक पासवर्ड आळीपाळीने लावून बघत लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर) ताब्यात घेतले, आणि ऑक्टोबरात त्यांच्या जोरावर ट्विटरसारख्या साइट्स काही तास आडव्या केल्या. कधी चूक कंपनीचीही असते: फेब्रुवारी २०२४ मध्ये वाइझ या अमेरिकन कंपनीच्या सुमारे १३,००० ग्राहकांना दुसऱ्यांच्या घरातली चित्रं दिसली. त्यामुळे बेडरूममध्ये कॅमेरा नको, हे मी पासवर्ड कितीही लांब असला तरी म्हणेन.

याहून घरगुती भोक एक आहे, त्याबद्दल कोणी बोलत नाही. कॅमेरा लावायला आलेला मुलगा घाईत त्याच्याच मोबाइल नंबरवर खातं उघडतो आणि तुम्हाला "शेअर" करून जातो. मालक तो, तुम्ही पाहुणे. आमच्याकडे एका काकूंना हे आठ महिन्यांनी कळलं. अॅप उघडून खातं कोणाच्या नावावर आहे ते बघा; दुसऱ्याचं असेल तर रीसेट करून आपल्या नंबरवर घ्या. बघताच आहात तर कॅमेरा शेजाऱ्याच्या दारात तर डोकावत नाही ना, तेही बघून घ्या. घरात एकत्र राहणाऱ्यांच्या संमतीशिवाय आत कॅमेरे चालवता येत नाहीत, हा कोलकाता उच्च न्यायालयाचा निर्णय २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवला.

मग वायफाय कॅमेरा घ्यायचाच नाही का? भाड्याचं घर असेल, आत आजी-आजोबा एकटे असतील, प्लग जवळ असेल, तर जरूर घ्या, त्याच्यासारखी सोय नाही. पण स्वतःचा बंगला असेल, अंगण असेल, आणि वीज न्यायला एक वायर ओढायचीच असेल, तर वीज आणि चित्र दोन्ही नेणारी का ओढू नये? पीओई, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज घेणाऱ्या, कॅमेऱ्याला कॅट-६ जातीची एकच नेटवर्क केबल लागते, शंभर मीटरपर्यंत चालते, अडॅप्टर नाही, सिग्नलची रड नाही. रेकॉर्डर माळ्यावर, यूपीएसवर ठेवायचा. केबल घेताना मात्र शुद्ध तांब्याची आहे का विचारा; अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्तात मिळते आणि लांब पल्ल्यावर वीज पोचेपर्यंत दम सोडते.

राहिला अलर्ट. पडवीतला कॅमेरा लावला त्या आठवड्यात रात्री दोन चाळीसला ठाण्यात माझा मोबाइल वाजला, "व्यक्ती दिसली". मी घाबरून शेजारच्या काकांना फोन लावला. ते बिचारे बॅटरी आणि काठी घेऊन पाऊस तुडवत गेले. कॅमेऱ्याच्या दिव्यापाशी किडे जमले होते आणि किड्यांसाठी पाल, भिंगावर पोट टेकून. दुसऱ्या रात्री पुन्हा तीच. तिसऱ्या रात्री काकांनी फोन उचलला आणि मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "शेपटी आहे का बघ आधी. असली तर झोप."